ऑनलाइन ईशज्ञानाचा कोर्स पैसे भरून करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईशज्ञान म्हणजेच थिऑलॉजी घरबसल्या शिकू इच्छिणारे बहुतेक जण आधी फी विचारतात आणि कोर्स कशासाठी हवा आहे ते फार उशिरा सांगतात. त्यामुळे खालच्या काही उत्तरांत प्रश्न विचारणाऱ्यालाच उलटा प्रश्न केला आहे. उदाहरणं मुख्यतः ख्रिस्ती ईशज्ञानाची आहेत, कारण ऑनलाइन कोर्सचा मोठा बाजार तिथेच आहे.

इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं. मग पैसे का भरायचे?

मिळतं हे खरं, आणि जे मिळतं ते हलक्या दर्जाचं मुळीच नाही. येल विद्यापीठाने क्रिस्टीन हेज यांची बायबलच्या जुन्या करारावरची २४ आणि डेल मार्टिन यांची नव्या करारावरची २६ व्याख्यानं वर्गात झाली तशीच चित्रित करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसमध्ये सुरू झालेलं स्टेप बायबल तुम्हाला ओळीमागच्या हिब्रू किंवा ग्रीक शब्दापर्यंत नेतं. ख्रिश्चन क्लासिक्स इथेरियल लायब्ररी या संकेतस्थळावर पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनपासून सोळाव्या शतकातल्या कॅल्विनपर्यंतचे ग्रंथ वाचायला मिळतात. नव्या कराराची एक अभ्यासपूर्ण ग्रीक संहिता सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरने २०१० साली मोफत उपलब्ध करून दिली. थर्ड मिलेनियम मिनिस्ट्रीज ही संस्था सेमिनरीच्या (चर्चचे धर्मोपदेशक म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या) धर्तीची पाठमाला कितीतरी भाषांत विनामूल्य देते.

म्हणजे व्याख्यान ऐकण्यासाठी पैसे मोजण्याचं आज काहीच कारण उरलेलं नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, सोबत पीडीएफ टिपणं आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी एवढंच कोर्समध्ये असेल, तर त्याची फी कितीही कमी असो, तो महागच.

मग फी नेमकी कशाची द्यायची?

तुमचं लिखाण वाचून त्यावर शेरे लिहिणाऱ्या माणसाची.

ईशज्ञान ऐकून समजल्यासारखं वाटतं आणि लिहायला बसलं की समजलेलं नाही हे कळतं. देव सर्वसमर्थ आहे आणि तो चांगला आहे, मग जगात दुःख का, या प्रश्नावर अर्धा तास बोलणं कोणालाही जमतं. त्यावर दीड हजार शब्दांचा निबंध लिहिला, की दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही एक शब्द एका अर्थाने वापरला आणि चौथ्यात दुसऱ्या अर्थाने, हे दाखवणारं कोणीतरी लागतं. ज्याचं मत खोडून काढलं त्याने तसं म्हटलंच नव्हतं, हे सांगणारंही कोणीतरी लागतं. हे काम व्हिडिओ करत नाही. मंडळीतले (चर्चमधले) मित्र करू शकतील, पण ते सहसा भिडेपोटी गप्प बसतात.

म्हणून प्रवेशाआधी संस्थेला पत्र लिहून चार गोष्टी विचारा. प्रत्येक विषयात लेखी काम किती असतं? ते तपासतं कोण, विषयाचा शिक्षक की तासावर नेमलेला तपासनीस? परत किती दिवसांत मिळतं? आणि नुसते गुण मिळतात की समासात शेरेही असतात? नाव झाकून एखाद्या तपासलेल्या निबंधाचा नमुना मागायलाही संकोचू नका. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा आनंद होतो. उत्तराऐवजी माहितीपत्रकच पुन्हा पाठवलं गेलं, तर ते उत्तरच समजा.

फीमधून मिळणाऱ्या आणखी दोन गोष्टी खऱ्या मोलाच्या असतात. एक, ग्रंथालय. अभ्यासाच्या नियतकालिकांतले लेख आणि अलीकडची भाष्यं आजही बहुतांशी कुलूपबंद असतात, आणि विद्यार्थी म्हणून मिळणारं लॉगिन तेवढ्यापुरतं तरी ते कुलूप उघडतं. दुसरी, सहाध्यायी. पण ते खरोखर भेटत असतील तरच. आठवड्याला चर्चाफलकावर एक नोंद आणि त्याखाली ‘छान मुद्दा’ असे दोन प्रतिसाद, याला सहवास म्हणत नाहीत.

दोन कोर्सच्या फीची तुलना कशी करायची? दोघेही ‘क्रेडिट’ म्हणतात, पण आकडे जुळत नाहीत.

जुळणारच नाहीत, कारण क्रेडिट हे माप जगभर एकच नाही. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे सत्रभर दर आठवड्याला साधारण एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात, म्हणजे सत्राअखेर सुमारे ४५ तास. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं असतं आणि पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट होतात. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे अंदाजे १० तास, आणि इंग्लंडमध्ये ऑनर्स पदवीला ३६० लागतात.

त्यामुळे ३ क्रेडिटचा अमेरिकी विषय (सुमारे १३५ तास), ५ क्रेडिटचा युरोपीय (१२५ ते १५०) आणि १० क्रेडिटचा ब्रिटिश (१००) हे आकड्यांवरून वाटतात तितके वेगळे नाहीत. प्रत्येक कोर्सचे आधी तास काढा, मग एकूण फीला तासांनी भागा. जाहिरातीत स्वस्त दिसणारा कोर्स या हिशेबात महाग निघाल्याचं अनेकदा दिसतं.

हे झालं पहिलं गणित. दुसरं याहून महत्त्वाचं: एकूण फीला शिक्षकाने तुमच्यासाठी दिलेल्या वेळाने भागा. थेट वर्ग, निबंधतपासणी, वैयक्तिक भेट, सगळं धरून. काही कोर्समध्ये हा वेळ शून्य येतो आणि भागाकारच करता येत नाही.

एकूण फीमध्ये पाठ्यपुस्तकं, नोंदणी, परीक्षा, मुदतवाढ, गुणपत्रक, पदवीदान आणि लागणारं सॉफ्टवेअरही धरा. वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष हजेरी सक्तीची असेल, तर प्रवास आणि मुक्कामही.

संस्था ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ आहे असं म्हणते. एवढं पुरेसं आहे?

नाही. मान्यता कोणी दिली, आणि त्या मान्यता देणाऱ्याला कोण ओळखतं, हे दोन्ही पाहावं लागतं. अमेरिका आणि कॅनडातल्या सेमिनरींसाठी असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स ही १९१८ साली सुरू झालेली संस्था आहे. आशियात १९७० साली स्थापन झालेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन अनेक शाळांना मान्यता देते. भारतात सेरामपूर कॉलेजच्या सिनेटच्या पदव्या चालतात. त्या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनदेने दिला होता. अशा संस्था आपापल्या संकेतस्थळावर मान्य शाळांची यादी ठेवतात. शाळेचं नाव शाळेच्या संकेतस्थळावर नव्हे, त्या यादीत शोधा. अमेरिकी मान्यता तपासायची असेल तर कौन्सिल फॉर हायर एज्युकेशन अ‍ॅक्रेडिटेशनची सूची उघडा.

शब्दांकडेही लक्ष द्या. ‘सदस्य’, ‘संलग्न’, ‘उमेदवार’ आणि ‘मान्यताप्राप्त’ या चार वेगळ्या अवस्था आहेत, आणि जाहिराती त्या खुशाल एकाच अर्थाने वापरतात. काही बोगस शाळांनी तर स्वतःला मान्यता देण्यासाठी स्वतःच मंडळं काढलेली असतात. पत्ता भारदस्त, शिक्का सोनेरी आणि कार्यालय एका टपालपेटीत.

मात्र मान्यता प्रत्येकालाच हवी असं नाही. तुम्हाला हे कागद कोणासमोर ठेवायचे आहेत? पुढच्या पदवीसाठी विद्यापीठासमोर, नोकरीसाठी शाळेसमोर की पाळकपदाच्या दीक्षेसाठी मंडळीच्या समितीसमोर? ज्याच्यासमोर ठेवायचे, त्यालाच आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कोणासमोरच ठेवायचे नसतील, तर मान्यतेसाठी जास्तीचे पैसे का द्यायचे?

हा कोर्स केल्यावर पाळक किंवा धर्मगुरू होता येईल?

कोर्सवर नाही, तुमच्या मंडळीच्या नियमांवर ते अवलंबून आहे.

कॅथलिक चर्चमध्ये १९८३ च्या धर्मनियमसंहितेतला २५० वा नियम तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईशज्ञानाची किमान चार पूर्ण वर्षं मागतो, आणि धर्मगुरूची घडण सेमिनरीत राहूनच व्हावी लागते. तिथे ऑनलाइन डिप्लोमाने दार उघडणार नाही. श्रद्धाशिक्षण देणाऱ्या किंवा धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या परिसरात) इतर जबाबदारी घेणाऱ्या प्रापंचिकाला मात्र असाच अभ्यास उपयोगी पडू शकतो. प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए) दीक्षार्थ्यांकडून हिब्रू आणि ग्रीकची तयारी आणि स्वतंत्र परीक्षा मागतं. दुसऱ्या टोकाला, कित्येक स्वतंत्र मंडळ्या पदवी मागतच नाहीत. माणूस ओळखीचा असावा, सेवा केलेली असावी, एवढंच पाहतात.

अमेरिकी पद्धतीत पाळकीय सेवेसाठीची नेहमीची पदवी म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी. असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सच्या मानकांनुसार ती किमान ७२ क्रेडिटची असते. वरच्या हिशेबाने हे तीन हजार तासांहून जास्त काम झालं. ‘सहा महिन्यांत एम.डिव्ह.’ अशी जाहिरात दिसली की हा गुणाकार आठवा.

अशा अभ्यासाने श्रद्धा डळमळेल का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आणि फीच्या प्रश्नाहून तो मोठा आहे. काही काळ डळमळू शकते. नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) शेवटचा भाग, अध्याय १६, श्लोक ९-२०, चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. मोशेची म्हटली जाणारी बायबलची पहिली पाच पुस्तकं एका हातची नसून वेगवेगळ्या परंपरा एकत्र गुंफून तयार झाली, हे एकोणिसाव्या शतकापासून विद्यापीठांत शिकवलं जातंय. नव्या करारातली तीमथ्याला लिहिलेली पत्रं प्रेषित पौलाचीच आहेत का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही.

यातलं बरंचसं चांगल्या अभ्यास-बायबलच्या तळटिपांत छापलेलं असतं, त्यामुळे ते गुपित नव्हेच. कोर्स त्याबद्दल काय करतो यावर मात्र त्याचा कस ठरतो. म्हणून माझी एक चाचणी: अभ्यासक्रम मागवा आणि मार्कच्या शेवटाबद्दल तिथे काय शिकवलं जातं ते विचारा. ‘अशा वादांत आम्ही पडत नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे पैसे घालू नका. ‘हे शेवटचे श्लोक नंतर जोडलेले आहेत, संपलं’ असं म्हणून पुढे जाणारा कोर्सही माझ्या मते अपुराच. हस्तलिखितांचा पुरावा कसा तोलतात, तरीही ते श्लोक चर्चने का वाचत ठेवले, आणि त्यांच्यावर उपदेश करावा की नाही, या तिन्ही प्रश्नांवर बोलणारा शिक्षक सापडला तर तिथे फी वसूल झाली.

संस्था एखाद्या पंथाची असणं हा दोष नाही. सेमिनरी आपला विश्वास जाहीर करूनच शिकवते, तर विद्यापीठाचा धर्मअभ्यास विभाग तसं करत नाही; दोन्हीकडे उत्तम शिक्षण होतं. वाचनयादी पाहा. विरुद्ध मताचे लेखक त्यांच्याच शब्दांत वाचायला दिलेत की फक्त त्यांना खोडून काढणारी पुस्तकं? बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, या एका विषयाची यादी पाहिली तरी अंदाज येतो.

ग्रीक आणि हिब्रू ऑनलाइन जमतात का?

जमतात, आणि पैसे भरून शिकण्यासारखं सर्वांत जास्त काही असेल तर ते हेच. नव्या करारात पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा येणारे ग्रीक शब्द जेमतेम तीनशेच्या वर आहेत, पण एकूण मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग तेच व्यापतात. शब्दसंग्रह मोबाइलवरच्या फ्लॅशकार्डांनी मोफत पाठ होतो. अडतं ते क्रियापदांपाशी आणि वाक्यरचनेपाशी. तिथे दर आठवड्याला थेट वर्ग हवा, शिक्षकाने तुम्हाला ओळ वाचायला लावायला हवी आणि अर्थ चुकला की लगेच थांबवायला हवं. रेकॉर्ड केलेल्या भाषावर्गाला पैसे देऊ नयेत.

एकाच सत्राचं ग्रीक घेऊन थांबणार असाल, तर मात्र विचार करा. तेवढ्या शिदोरीवर उपदेशात ‘मूळ ग्रीकमध्ये बघा…’ म्हणायची हौस येते, आणि ऐकणाऱ्यांना तपासता येत नाही. किमान वर्षभराचा आणि सोप्या उताऱ्यांचं वाचन होईपर्यंत नेणारा कोर्स घ्या.

मला पदवी नको, पाळक व्हायचं नाही. फक्त बायबल नीट समजून वाचायचं आहे.

मग आत्ता काहीच विकत घेऊ नका. वर सांगितलेल्या मोफत व्याख्यानमालांपैकी एक निवडा, सोबत वाचणारी दोन-तीन माणसं गोळा करा आणि दर आठवड्याला एक व्याख्यान घेऊन बसा. ती मालिका संपवल्यावरही प्रश्न उरले आणि ते लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावेसे वाटले, तर तेव्हा एखादा एकच विषय पैसे भरून घ्या. पूर्ण डिप्लोमा नको.

फुकटचे कोर्स माझ्याकडून अर्धवट राहतात. पैसे भरले की पूर्ण होतील?

हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या मोफत कोर्सवर २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. पण यातून पैशांनी चिकाटी येते असं सिद्ध होत नाही. ज्यांचा निश्चय आधीच झाला होता, त्यांनीच पैसे भरले असण्याची शक्यता तेवढीच आहे. शिवाय पैसे भरलेल्यांतलेही निम्म्याहून अधिक गळलेच.

निबंध देण्याची ठरलेली तारीख आणि तो न आल्यावर विचारणा करणारं कोणीतरी, या दोन गोष्टी असतील तर अभ्यास पुढे सरकतो. ‘तुमच्या सवडीने, आयुष्यभर प्रवेश’ ही सोय म्हणून विकली जाते, पण अर्धवट सोडण्याची सवय असलेल्यासाठी तीच सर्वांत वाईट.

नोकरी सांभाळून किती वेळ काढावा लागेल?

आठवड्याला सहा तास नियमित मिळत असतील, तर १३५ तासांच्या एका विषयाला बावीस-तेवीस आठवडे. एका वेळी एकच विषय घ्या.

डी.डी., टीएच.डी., डी.मिन. या पदव्यांत फरक काय?

टीएच.डी. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) ही संशोधनाची डॉक्टरेट, प्रबंधासह. डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) ही सेवेत असलेल्या पाळकांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) अमेरिकेत मानद पदवी म्हणून देतात, तर ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी ती दीर्घ विद्वत्कार्यावर मिळणारी वरिष्ठ पदवी आहे. पैसे भरून घरपोच मिळणारी डी.डी. या दोन्हींत बसत नाही. ‘तुमच्या सेवेच्या अनुभवावर डॉक्टरेट’ असा ईमेल आला तर उत्तरसुद्धा देऊ नका.

ख्रिस्ती सोडून इतर धर्मांचा असा अभ्यास ऑनलाइन होतो का?

होतो. ऑक्सफर्ड सेंटर फॉर हिंदू स्टडीज तत्त्वज्ञान, ग्रंथ आणि संस्कृतवर छोटे ऑनलाइन कोर्स घेतं. विविध धर्मांची ओळख त्यांच्या ग्रंथांमधून करून देणारी हार्वर्डची मालिकाही एडएक्सवर झालेली आहे. पारखायची रीत तीच: लेखी काम आहे का आणि ते कोण वाचतं.

सवलत आज रात्री बारा वाजता संपते आहे. काय करू?

संपू द्या. पुढच्या महिन्यात तीच सवलत दुसऱ्या नावाने येईल.

प्रवेश घ्यायचं पक्कं केलं आहे. आता शेवटचं काय तपासू?

आधी पूर्ण पदवीसाठी नाव घालू नका. सुटा एक विषय घेता येतो का आणि पुढे पदवीत तो धरला जातो का, ते विचारा. बहुतेक चांगल्या संस्थांत दोन्ही शक्य असतं. हा पहिला विषय शिक्षकाच्या नावावर निवडा, विषयाच्या नावावर नव्हे. शिक्षकाचे प्रसिद्ध झालेले लेख किंवा एखादं खुलं व्याख्यान आधी वाचून-ऐकून घ्या.

फी परत मिळण्याचं वेळापत्रक डोळ्यांखालून घाला. कोणत्या आठवड्यापर्यंत पूर्ण, कोणत्यापर्यंत निम्मी आणि कधीपासून काहीच नाही, हे तारखांनिशी लिहिलेलं हवं. आजारपण किंवा घरची अडचण आल्यास सत्र गोठवता येतं का, त्याची वेगळी फी आहे का, आणि झालेले क्रेडिट किती वर्षं ग्राह्य राहतात, हेही विचारा.

मग पहिला निबंध वेळेवर द्या, फी परत मिळण्याची मुदत संपण्याआधी तो तपासून येईल अशा बेताने. शेरे वाचा. शेऱ्यांमुळे तोच निबंध पुन्हा लिहावासा वाटला तर पुढच्या विषयाची फी भरा. ‘उत्तम प्रयत्न’ एवढंच लिहून आलं असेल, तर त्याच दिवशी परताव्याचा अर्ज करा.